भाकरी फुगावी, बॅटरी फुगू नये

निखाऱ्यावर टाकलेली भाकरी टम्म फुगली की करणारीला समाधान वाटते. भाकरी का फुगते? पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पापुद्र्याखाली कोंडली जाते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून पापुद्रा वर उचलला जातो. आपल्या खिशातल्या मोबाइलची बॅटरी फुगते तीही अशाच कारणाने. आत वायू तयार होतो आणि त्याला वाट नसते. फरक इतकाच, की भाकरीतली वाफ म्हणजे पाणी, ती निघून गेली की काम संपले. बॅटरीतल्या वायूत मात्र पेट घेणारे घटक असतात, आणि एकदा फुगलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून भाकरी फुगलेली बरी, बॅटरी फुगलेली बरी नव्हे. ती का फुगते, आणि फुगू नये म्हणून आपल्याला घरच्या घरी काय करता येईल, एवढाच आजचा विषय.

हा विषय शिरूर आणि दौंड या तालुक्यांना विशेष लागू आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पाऊसछायेतले. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिसाच्या घरात जातो. आता मोबाइलबरोबर जी लहान पुस्तिका मिळते, ती आपण बहुधा न वाचताच खोक्यात ठेवून देतो. ती उघडून पाहा. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, की हा फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा. म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा सुरू झाला, की फोन हातात घेण्याआधीच आपण त्या मर्यादेच्या बाहेर असतो! ज्याने फोन घडवला त्याच्या डोळ्यांपुढे दौंडची मे महिन्यातली दुपार नव्हती. ती आपल्यालाच ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरे असे, की आपल्याकडे मोबाइल आता नुसता बोलण्यासाठी राहिलेला नाही. तो कामाला जुंपला गेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि ते तेथूनच पाठवायचे. २०२० साली कोरोनाच्या साथीत शाळांना कुलूप लागले, तेव्हा एकाच फोनवर दोन-तीन भावंडांची शाळा भरली. कोणी मोटारीचा स्टार्टर मोबाइलवरून चालवतो. कोणी जुना फोन गोठ्यात टांगून त्याचा कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवतो, कारण शिरूरकडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची धास्ती आहे. दूध संकलनाच्या टेबलावर, दुकानाच्या गल्ल्यापाशी फोन सकाळपासून रात्रीपर्यंत वायरीला लावलेलाच दिसतो. ही सर्व कामे चांगली आणि गरजेची. पण सतत राबणाऱ्या फोनची निगाही सतत राबणाऱ्या बैलाइतकीच घ्यावी लागते, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

या राबण्याचे एक उदाहरण साऱ्या राज्याने पाहिले आहे. अंगणवाडी सेविकांना सरकारने कामासाठी मोबाइल दिले होते. मुलांचे वजन, उंची, आहार, गृहभेटी, सगळी माहिती त्यावर भरायची. पुढे २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी आंदोलन करून हे फोन सरकारला परत केले. त्यांच्या तक्रारी अनेक होत्या. ॲप इंग्रजीत आहे, फोनची क्षमता कमी आहे, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, आणि एक तक्रार अशी, की फोन फार तापतो आणि कामाच्या मध्येच अडकून बसतो. आपल्या विषयाशी संबंध आहे तो या शेवटच्या तक्रारीचा. ‘फोन तापतो’ हे रडगाणे म्हणून सोडून देऊ नये. ताप हे माणसाच्या दुखण्याचे पहिले लक्षण असते, तसेच फोनच्या दुखण्याचेही. तापणारा फोन लगेच फुगत नाही हे खरे, पण जो पुढे फुगतो तो बहुधा आधी बरेच दिवस तापत राहिलेला असतो.

हे असे का होते हे समजायला बॅटरीच्या आत थोडे डोकावू या.

मोबाइलची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ही जात पहिल्यांदा १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली, आणि तिच्या मागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीत दोन पातळ पट्ट्या असतात. एका पट्टीवर ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिसात असते तेच. दुसऱ्या पट्टीवर लिथियम आणि बहुधा कोबाल्ट यांचे ऑक्साइड. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा, आणि या सर्वांना भिजवणारा एक द्रव. चार्जिंग करताना लिथियमचे कण या द्रवातून ग्रॅफाइटकडे जातात, फोन वापरताना परत येतात. आठवडी बाजाराला सकाळी माणसे जातात आणि सांजेला परततात, तशी ही ये-जा. ही चटणीसारखी गुंडाळी मग ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड कायमचे बंद करतात.

सगळी मेख आहे त्या द्रवात. हा द्रव पाण्याचा नव्हे, तो तेलासारखा जळणारा सेंद्रिय द्रव असतो. बॅटरी जितकी जास्त भरलेली, तितका पट्ट्यांवरचा विद्युतदाब जास्त. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत, आणि नव्या प्रकारांत ४.४ व्होल्टच्याही पुढे जातो. इतक्या दाबाखाली हा द्रव हळूहळू विघटित होऊ लागतो. त्यातून कार्बन डायॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन असे वायू सुटतात. थंड हवेत ही क्रिया इतकी मंद असते की वर्षानुवर्षे तिचा त्रास जाणवत नाही. पण उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात. ढोबळ मानाने दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो, असे आपण शाळेत शिकवतो. हिवाळ्यात दूध दुपारपर्यंत टिकते आणि उन्हाळ्यात सकाळीच नासते, तोच हा न्याय. वायू जमत जातो, पिशवीचे तोंड बंद, मग पिशवी फुगणारच.

तेव्हा श्रोतेहो, एक सूत्र लक्षात ठेवावे. बॅटरीचे वैरी दोन. एक उष्णता, दुसरे काठोकाठ भरलेपण. यांपैकी एकेकटा आला तर बॅटरी बराच काळ निभावते. दोघे मिळून आले, आणि रोज येऊ लागले, की ती फुगते. भर उन्हात काम करावे लागतेच, आणि पोटभर जेवणही वाईट नव्हे. पण तुडुंब जेवून लगेच वैशाखाच्या उन्हात कुदळ मारायला कोणी जात नाही. फोनला मात्र आपण रोज तेच करावयास लावतो.

या दोन वैऱ्यांचा जोर किती, याचा एक अंदाज बॅटरीच्या अभ्यासकांत प्रचलित आहे. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के ताकद शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवली, तर सुमारे ६५ टक्केच उरते. बॅटरी एकच, काळ एकच. फक्त ऊन आणि भरलेपण वाढले, आणि तिसरा हिस्सा ताकद नाहीशी झाली. ही मोजणी ताकदीची आहे, फुगण्याची नव्हे. पण ताकद कमी करणाऱ्या बिघाडाचाच एक भाग वायू निर्माण करतो, म्हणून हे आकडे आपल्याला सावध करायला पुरेसे आहेत.

आता ही उष्णता येते कोठून? तीन वाटांनी येते, आणि तिन्ही वाटा बंद करणे आपल्या हातात आहे.

पहिली वाट उन्हाची. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात अवश्य मांडावे. फोनची पाठ साधारण १६ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर. स्वच्छ दुपारी ऊन समोरासमोर पडले, तर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक दशांश वॅट उष्णता पडते. म्हणजे सगळ्या फोनवर झाले १२ वॅट. फोन काळा असेल तर त्यातली बहुतेक तो पिऊन टाकतो. फोनचे स्वतःचे जड काम चालू असले तरी त्याची उष्णता बहुधा चार-पाच वॅटच्या आसपास असते. म्हणजे ॲपने जितका फोन तापत नाही, त्याच्या दुप्पट तो नुसत्या उन्हाने तापतो! म्हणून पीक पाहणी करायची ती सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर. दुपारी करावीच लागली तर स्वतःच्या अंगाची, टोपीची, छत्रीची सावली फोनवर धरावी. फोटो काढून झाला की फोन खिशात, पिशवीत, सावलीत. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या हँडलवर, बंद जीपच्या काचेमागे तो ठेवू नये.

दुसरी वाट चार्जिंगची. वीज आत भरताना तिचा थोडा भाग उष्णता होऊन जातो. लवकर भरणारे मोठ्या वॅटचे चार्जर असतील, तर ही उष्णता थोड्या वेळात एकदम येते. घाई नसेल तेव्हा सावकाश भरणारा चार्जर बरा. फोन उशीखाली, गोधडीत, गादीवर ठेवून भरू नये. फरशीवर, कोनाड्यात, वारा लागेल असा ठेवावा. जाड रबरी कव्हर असेल तर तेवढा वेळ काढून ठेवावे. थंडीत आपण घोंगडी पांघरतो ती अंगाची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. कव्हर हे फोनचे घोंगडेच आहे, बरे का!

तिसरी वाट कामाची. कॅमेरा, नकाशा, व्हिडिओ, खेळ, दुसऱ्यांना इंटरनेट वाटणे, या कामांत फोनचा मेंदू सतत धावत असतो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला तर त्याचीही भर पडते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जेथे रेंज कमी, तेथे फोन जास्त तापतो. लांबच्या माणसाला हाक मारायची तर मोठ्याने ओरडावे लागते, तसा फोनही लांबच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्ती लावतो. म्हणून रेंज नसेल तेथे माहिती भरून ठेवावी आणि गावात आल्यावर पाठवावी. ॲपमध्ये तशी सोय असेल तर तिचा उपयोग जरूर करावा.

या तिन्ही वाटा एकदम उघडल्या तर काय होईल? चार्जिंगला लावलेला फोन, त्यावर व्हिडिओ चालू, आणि तो खिडकीच्या उन्हात. बैलाला औताला जुंपून चालता चालताच वैरण भरवण्यासारखे हे आहे. म्हणून नियम सोपा. खाण्याच्या वेळी खाणे, कामाच्या वेळी काम. आधी भरा, मग वायर काढा, मग वापरा. फोन हाताला नुसता कोमट न लागता चटका देऊ लागला, की दहा-पंधरा मिनिटे सावलीत विसावा द्या. मात्र विसावा म्हणजे फ्रिज नव्हे. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवलेल्या फोनमध्ये दमट हवेचे पाणी धरते आणि एक दुखणे काढताना दुसरे लागते. पंखा पुरे.

आता जो फोन दिवसरात्र वायरीलाच असतो त्याची गोष्ट. गोठ्यातला कॅमेरा, दुकानातला फोन, ग्रामपंचायतीत इंटरनेट वाटण्यासाठी ठेवलेला फोन, हे सगळे या वर्गातले. काही लोकांना वाटते, की वायर लावून ठेवली तर वीज आत भरतच राहते आणि बॅटरी फुटते. तसे नसते. आतले मंडल बॅटरी भरली की प्रवाह थांबवते. घात होतो तो दुसऱ्या तऱ्हेने. बॅटरी थोडी उतरली की पुन्हा भरते, आणि अशा रीतीने ती महिनोन् महिने काठोकाठ भरलेलीच राहते. वर पत्र्याचे छप्पर, आत कॅमेऱ्याचे न थांबणारे काम. दोन्ही वैरी एकाच दावणीला! मघाशी सांगितलेले ४० अंशांचे आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीचे उदाहरण ते हेच.

याला उपाय आहेत. नव्या अनेक फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ या भागात ती सापडेल. सतत जोडलेल्या फोनला ती लावलीच पाहिजे. जुन्या फोनला अशी सोय नसेल, तर विजेच्या दुकानात टायमरचा प्लग मिळतो. त्यावर सकाळी तास-दीड तास, संध्याकाळी तास-दीड तास अशा वेळा लावून द्याव्यात. बॅटरी ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान खाली-वर होत राहील इतपत वेळ अनुभवाने ठरवावी. फोन पत्र्याला चिकटवू नये, भिंतीला आणि सावलीच्या बाजूला टांगावा. त्याच्या आसपास कडबा, भुसकट, पोती नसावीत. आणि खरे सांगायचे तर, जे काम वर्षभर अखंड चालायचे आहे ते मुळात फोनचे नव्हेच. त्याला बॅटरीशिवाय थेट विजेवर चालणारा कॅमेरा किंवा राउटर घेतलेला अंती स्वस्त पडतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. शाळेतले टॅब एप्रिलअखेर कपाटात जातात आणि जूनमध्ये बाहेर येतात. मधला काळ नेमका सर्वांत वाईट. हे टॅब पूर्ण भरून ठेवले तर उन्हाळा आणि भरलेपण यांची गाठ पडते. अगदी रिकामे ठेवले तर दुसरा धोका. आपोआप थोडी थोडी वीज झिरपून बॅटरी मर्यादेखाली उतरते, आत तांब्याची पट्टी विरघळू लागते, आणि जूनमध्ये चार्जिंगला लावताच ती बिघडते किंवा फुगते. म्हणून सुटीपूर्वी टॅब निम्म्यावर आणावेत, पूर्ण बंद करावेत, आणि पत्र्याखालच्या खोलीऐवजी गावातल्या थंड, कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत ठेवावेत. जूनमध्ये चार्जर लावण्याआधी प्रत्येक टॅब सपाट टेबलावर ठेवून पाहावा. डुलतो का, काच उचलली आहे का, हे पाहूनच मग वायर लावावी.

हे सारे मुलांना समजावण्यासाठी एक लहानसा प्रयोग करता येईल. पातळ प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत लिंबाचा रस घ्यावा, कागदाच्या पुडीत चमचाभर खाण्याचा सोडा बांधून आत सोडावा आणि पिशवीचे तोंड लगेच घट्ट बांधावे. सोडा रसात भिजला की पिशवी फुगते. मग पिशवी थंड पाण्यात ठेवून पाहावी. ती फुगलेलीच राहते. नुसती गरम हवा असती तर थंड झाल्यावर आकसली असती. येथे नवा वायू जन्माला आला आहे, तो परत जात नाही. फुगलेली बॅटरी सावलीत ठेवली म्हणून पूर्ववत का होत नाही, हे मुलांना यावरून पटेल.

आता फुगलेली बॅटरी ओळखायची कशी? जुन्या लोकांना ही परीक्षा आठवत असेल. बॅटरी काढून टेबलावर ठेवायची आणि बोटाने फिरवायची. सपाट असली तर जागेवर अडायची, पोट आलेले असले तर भोवऱ्यासारखी गरगर फिरायची. नोकियाची ‘बीएल-५सी’ बॅटरी त्या काळी घराघरांत होती. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले, की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी शॉर्ट सर्किट होऊन तापू शकतात, आणि त्या फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली. तो दोष कारखान्यातला होता, वापरणाऱ्याचा नव्हता. पण त्या बॅटरीची एक सोय होती. नखाने झाकण उघडले की ती हातात यायची. आजच्या फोनमध्ये बॅटरी आत चिकटवलेली असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे असा नियम केला आहे. आपल्या हातातल्या फोनांचे मात्र आपल्यालाच बाहेरून निदान करावे लागते.

ती लक्षणे अशी. फोनची काच एका कडेने उचलते, फटीतून उजेड दिसतो. मागचे झाकण पोटासारखे वर येते. टेबलावर ठेवलेला फोन डुलतो. बाजूची बटणे अडकतात. पडद्यावर एका जागी डाग किंवा पिवळसर छटा येते. कधी गोडसर, औषधी वास येतो. बॅटरी पन्नास टक्के दाखवत असतानाच फोन अचानक बंद पडू लागला, तर ती दमल्याची खूण आहे, तेव्हाही एकदा कडा तपासून पाहाव्यात. महिन्यातून एकदा, समजा प्रत्येक अमावास्येला, घरातले सगळे फोन कव्हर काढून असे पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

लक्षण दिसले तर काय करावे? वायर लगेच काढावी. फोन बंद करावा. पुन्हा चार्जिंगला लावू नये, ‘एवढी एक माहिती भरून घेतो’ असे म्हणून तर मुळीच लावू नये. उचललेली काच दाबून बसवू नये, वर वजन ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, टाचणीने किंवा सुईने भोक पाडून हवा काढू नये. काही ठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली हा उद्योग चालतो. भोक पडले की दोन पट्ट्या एकमेकींना टेकू शकतात आणि साठवलेली वीज क्षणात उष्णता होते. साध्या पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जवळजवळ १९ वॅट-तास ऊर्जा असते. पेलाभर पाण्याला उकळी आणायला ती पुरते. शिवाय आतला द्रव पेटला तर त्याची उष्णता वेगळी. हे हातात घडले तर काय होईल, याची कल्पना करावी.

असा फोन मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून तीवर ठेवावा. डब्याचे झाकण घट्ट लावू नये. डबा घराबाहेर सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, गंजीपासून आणि जनावरांपासून लांब ठेवावा. मग कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. धूर येऊ लागला तर प्रथम माणसे बाहेर काढावीत. तो धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नये. चार्जर भिंतीला जोडलेला असेल तर मुख्य बटण बंद करावे. नंतर दुरून भरपूर पाणी ओतावे. पाण्याने बॅटरी थंड होते आणि आग पसरत नाही. पाणी नसेल तर वाळू टाकावी.

काढलेली जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. गाडीत दाबली गेली तर तेथे पेटते, आणि झळ लागते ती सफाई कामगाराला. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. म्हणून ती सेवा केंद्रात द्यावी. नवी घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला आहे ना, हे पाहावे. चार्जरलाही हाच नियम. शंभर रुपये वाचवून आणलेला बिननावाचा चार्जर पुढे दहा हजारांचा फोन खातो.

एक जुना समजही येथेच दूर करू. ‘बॅटरी पार शून्यावर आणावी आणि मगच पूर्ण भरावी’ असे अजून सांगितले जाते. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला लागू होते. आजच्या बॅटरीला ते अपायकारक आहे. तिला थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा खाल्लेले मानवते.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सावली, विसावा, ऐंशी टक्के हे सर्व फोन वापरणाराने सांभाळायचे. पण लहान बैलाला मोठ्या औताला जुंपले, तर बैल बसला म्हणून त्याच्या धन्याच्या एकट्या कष्टकऱ्याला दोष देऊन चालत नाही. ज्या ताईंना, गुरुजींना, ग्रामसेवकांना कामासाठीच फोन वापरावा लागतो, त्यांना कामाच्या वजनाला पेलेल असा फोन मिळाला पाहिजे. रेंज नसताना माहिती साठवणारे, मराठीत चालणारे, फोनला धाप न लावणारे ॲप मिळाले पाहिजे. आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च त्यांच्या मानधनातून जाता कामा नये. ग्रामसभेत, शाळेच्या बैठकीत ही मागणी करताना ‘फोन तापतो’ एवढेच सांगू नका. का तापतो आणि तापल्याने पुढे काय होते, हेही आता आपल्याला सांगता येईल.

आज रात्री झोपण्यापूर्वी मात्र एक काम करा. घरातला फोन उशीखालून काढा, कव्हर उतरवा, फरशीवर ठेवा, आणि तो डुलतो का ते पाहा.